अकरा कार्डं आणि बायबलमधलं एक

...अहो, मागून उसासे कसले टाकताय? अकराच कार्डं आहेत माझ्या हातात, अकराशे नाहीत! गल्ल्यावर ती पोरगी एकटी, पुढच्या बाईला केटल परत करायचीय आणि केटलचा खोका तिच्या नवऱ्यानं जाळून टाकलाय, यात माझा काय दोष? मी आपली गपगुमान उभी आहे. आणि ही अकरा माझी नव्हेतच. आमच्या चर्चच्या बायकांची आहेत. प्रत्येकीत किती शिल्लक आहे ते विचारायचं आणि घरोघर जाऊन सांगायचं, हे काम आता माझ्याकडे आलंय. मला, फोलोलेला! जिनं शाळेचं दार बाहेरूनसुद्धा नीट बघितलं नाही, तिला! हसू नका. हे काम मला मानानं मिळालेलं नाही, शिक्षा म्हणून मिळालंय, आणि शिक्षा आहे हे फक्त दोघींना ठाऊक आहे. एक मी, दुसरी सुलिआ.

तुम्ही आमच्या चर्चच्या नाहीत ना? आणि तुम्ही हो, टोपीवाले? तुमचं तर कुठलंच चर्च दिसत नाही. बरं आहे. मग सांगते. रांग काही हलत नाही, आणि पोटात ठेवून ठेवून मला आता अपचन व्हायला लागलंय.

आधी हे बघा. ही दोन कार्डं हातात घ्या. घ्या हो, चावत नाहीत! आता सांगा, यातलं भरलेलं कुठलं आणि रिकामं कुठलं? ...नाही ना सांगता येत? अहो, तारोचा कंद हातात घेतला की कळतं आत कीड आहे का. नारळ कानापाशी हलवला की कळतं पाणी किती. मासळीचा डबा असेल तर फुगलाय का ते बोटानं दाबून कळतं. आणि हे? भरलेलं असो नाहीतर रिकामं, वजन तेवढंच! ज्यानं कुणी ही वस्तू काढली ना, त्याला आजी नसणार.

तर झालं असं, की मे महिन्यात माझी लेक सिएनी ब्रिस्बेनहून इथं ऑकलंडला आली, मदर्स डेला. येताना माझ्यासाठी काही आणलं नाही, म्हणजे मला वाटलं नाही आणलं, आणि मी मनात म्हटलं, बाई, विमानाला पैसे आहेत आणि आईला एक टॉवेल नाही. तर तिनं पिशवीतून एक लाल कार्ड काढलं. वर सोनेरी फीत. इथलंच, ह्याच दुकानाचं. म्हणाली, "आई, यात दोनशे डॉलर आहेत, तुला हवं ते घे." मी कार्ड डोक्याला लावलं, आमच्यात देणं मिळालं की लावतो तसं, आणि बायबलमध्ये ठेवलं. बायबल मी वाचत नाही हो, बाळगते. स्तोत्रं सगळी तोंडपाठ आहेत, आकडे येतात, कारण स्तोत्रांचे नंबर चर्चच्या भिंतीवर लावतात ना, तिथंच शिकले. अक्षरांशी आपलं जमलं नाही. तिकडे सामोआत, सवाई बेटावर, आई लवकर गेली, मागे सहा भावंडं, त्यांची नाकं पुसता पुसता शाळा सुटली, म्हणजे सगळ्यांची सुटली, माझी भरलीच नव्हती.

मग जूनमध्ये इथला हिवाळा सुरू होऊन थंडी पडली तेव्हा मी इथं आले आणि एक मोठं पातेलं घेतलं, अॅल्युमिनियमचं, अख्खं डुक्कर बसेल एवढं, आणि दोन जाड पांघरुणं. गल्ल्यावर लाल कार्ड दिलं. पोरीनं ते घासलं, कागदाचा एक चिटोरा फाडला, आणि आता नीट ऐका हं, सगळं इथंच चुकलं... पोरीनं कार्ड मला परत दिलं! हसून! "छान दिवस जावो, आजी!"

आता तुम्हीच सांगा. परत दिलं ना तिनं? बसचं जुनं तिकीट ड्रायव्हर परत देतो का? सिनेमावाला फाडून टाकतो की नाही? संपलेली वस्तू कोण कुणाला हसून परत देतं? मी पातेलं उचललं, पांघरुणं उचलली, आणि वर कार्डही माझंच! मी म्हटलं, फोलोले, हे तर चटईसारखं आहे!

चटई म्हणजे बसायची नव्हे हो. आमची बारीक विणीची. रेशमासारखी मऊ, विणायला वर्षं लागतात, आणि तिच्यावर बसलं तर पाप लागेल. ती द्यायची. लग्नात द्यायची, मयताला द्यायची, ज्याला मिळाली तो पुढच्या मयताला देतो, अशी ती घरोघर फिरते आणि फिरता फिरता तिचा मान वाढतो. माझ्या आजेसासूची एक चटई पाच वेळा आमच्या घरात आलीय आणि सहा वेळा बाहेर गेलीय. ती कधी संपते का? मग म्हटलं, हे गोऱ्या लोकांनी चांगलं काढलं की, खिशात मावणारी चटई! कार्ड मी पुन्हा बायबलमध्ये ठेवलं आणि चिटोऱ्यानं कान कोरला.

सप्टेंबरात इओआने गेला. सुलिआचा नवरा. सुलिआ म्हणजे... कसं सांगू? चाळीस वर्षं आम्ही दोघी विमानतळावरचे संडास धुतलेत. रात्रपाळीला ती साबण लावायची, मी पाणी मारायची, आणि दोघी मिळून मुकादमाला शिव्या द्यायचो, सामोअन भाषेत, त्याला वाटायचं स्तोत्र म्हणतायत. माझा नवरा गेला तेव्हा तिनं आठ दिवस माझ्या घरात चूल पेटती ठेवली. अशी सुलिआ. तिच्या घरी मयत, आणि माझ्याकडे द्यायला काय? एक चटई, तीही कडेला उसवलेली. नवी कवळी करायची म्हणून पाकिटात साठवलेले थोडे पैसे होते, वरच्या दातांची हो, म्हणून तर माझं बोलणं असं फसफसतं, पण ते पैसे मोडायचे नाहीत असं मी देवाला सांगितलं होतं. तर मी काय केलं? बायबल उघडलं. लाल कार्ड काढलं. चटईवर ठेवलं.

आमच्याकडे देणं मुकाट्यानं देत नाहीत. तावो म्हणून आमचे बोलके म्हातारे आहेत, हातात काठी, आवाज असा की रस्त्यापलीकडचं कुत्रं उठून बसतं. ते ओरडून सांगतात कुणी काय दिलं. लेपेकाचं आलं: "लेपेकाकडून मासळीच्या डब्यांचं एक खोकं, आणि शंभर डॉलर!" लेपेका माझ्या शेजारी गाते, चर्चच्या गाण्यात, म्हणजे ती समजते ती गाते. मग माझं आलं. "फोलोलेकडून बारीक विणीची एक चटई! आणि मोठ्या दुकानाचं कार्ड, दोनशे... डॉलर!" सगळा मांडव 'आऽऽ' म्हणाला. मी मान खाली घातली, नम्रपणानं, आणि खालून लेपेकाचं तोंड बघितलं. देवा, ते तोंड! आणि जेवायला त्या दिवशी नूडल्सचं साबासुई कशात शिजलं होतं? त्याच पातेल्यात! अहो, ते दोनशे डॉलर चुलीवर रटरटत होते आणि मी त्यातच पळी फिरवत होते, आणि मला पत्ता नाही!

भरलेलं असो नाहीतर रिकामं, वजन तेवढंच.

दोन आठवडे मी छाती काढून चालले. मग एका बुधवारी गाण्याच्या सरावाला लेपेका माझ्याकडे न बघता म्हणाली, "गेल्या आठवड्यात दुकानात गंमत झाली गं. एकीचं कार्ड रिकामं निघालं, सगळ्या रांगेसमोर."

मी म्हटलं, "रिकामं म्हणजे?"

"रिकामं म्हणजे रिकामं. वापरलं की संपतं ना ते."

"संपतं? मग परत का देतात?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं जसं कुणी गावाहून नुकत्याच उतरलेल्या माणसाकडे बघतं. "टाकून द्यायला देतात," म्हणाली. "तुला काय वाटलं, फोलोले?"

मला काय वाटलं ते मी तिला सांगणार होते थोडीच! मी म्हटलं, "मला काही नाही वाटलं, मला खोकला आलाय," आणि बाहेर जाऊन भिंतीला धरून उभी राहिले. डोळ्यांसमोर सुलिआ दिसायला लागली. पुढं ऑक्टोबरात पांढरा रविवार, म्हणजे आमच्या पोरांचा सण, सगळ्या पोरांना डोक्यापासून पायापर्यंत पांढरे कपडे लागतात, तिची पाच नातवंडं, पदरात पेन्शन तेवढी. ती येणार इथं, ह्याच गल्ल्यावर, पाच पोरांचे कपडे मांडणार, माझं कार्ड देणार, अभिमानानं, आणि पोरगी म्हणणार... नको! तुम्ही रांगेतली माणसं कशी बघता मला ठाऊक आहे. आत्ता माझ्याकडेच कशी बघताय!

दुसऱ्या दिवशी मी इथं आले. ह्याच पोरीला विचारलं, "बाळ, कार्डात किती आहे ते कसं कळतं?" म्हणाली, "कार्ड द्या." म्हटलं, "कार्ड दुसरीकडे आहे." म्हणाली, "मग त्याच्यावरचा सोळा आकडी नंबर लागेल, आजी, आणि मागच्या चंदेरी पट्टीखालचे चार आकडे. फोनवरून विचारा, मशीन सांगतं." मशीन सांगतं! माणसाचं पाप आता मशीन सांगणार!

मग मी नारळाच्या दुधातले पाव भाजले, बारा, आणि गेले सुलिआकडे. इओआनेचा फोटो भिंतीला टेकून, शंखांची माळ घातलेला, पुढं फुलं, आणि फुलांपुढं, हो हो, उभं करून ठेवलेलं माझं लाल कार्ड! देव्हाऱ्यात ठेवावं तसं! माझ्या घशात पाव अडकला, अजून खाल्लाही नव्हता.

"अगं, ते तिथं कशाला?" मी म्हटलं.

"तुझं देणं आहे ना," सुलिआ म्हणाली. "बघू दे त्यालाही. शनिवारी जाईन म्हणते, पोरांचे कपडे आणायला."

शनिवारी! आणि तो गुरुवार! मी म्हटलं, "सुलिआ, फोटोवर धूळ बसलीय, मी पुसते, तू कोको कर." ती गेली. मी कार्ड उचललं. आता लिहायला येत नाही, तर सोळा आकडे डोक्यात कसे ठेवायचे? पण डोकं आहे हो माझं! मी त्यांची स्तोत्रं केली. दोनशे चार, ते मयताचं. एकशे सतरा, लग्नाचं. शून्य त्रेसष्ट, ते पाळकीणबाई नेहमी चुकतात ते. तीनशे एकतीस, दोनशे अठ्ठ्याण्णव, आणि शेवटी एकटा चार उरला, त्याला मी आमेन म्हटलं. झाले सोळा! घरी जाईपर्यंत बसमध्ये ओळीनं गात गेले. एक माणूस उठून दुसऱ्या सीटवर जाऊन बसला, पण आकडा एक सांडला नाही.

घरी आल्यावर फोन लावला. मशीनमधली बाई मोठी गोड. "तुमचा फोन आमच्यासाठी मोलाचा आहे." म्हटलं, असेल बाई. "कृपया कार्डाचा क्रमांक दाबा." आता गाणं म्हटल्याशिवाय आकडा आठवत नाही, आणि एका स्तोत्राला कडवी पाच! मी आपली मयताचं गातेय, दोन दाबला, शून्य दाबला, चार दाबला, लग्नाचं सुरू केलं, तर ही मध्येच, "माफ करा, आम्हाला काहीही ऐकू आलं नाही." अगं, पाच कडवी म्हटली मी! सुरात! तीनदा पहिल्यापासून गायले. चौथ्यांदा फक्त पहिली ओळ म्हणत म्हणत पोचले आमेनपर्यंत, तर म्हणते, "आता चंदेरी पट्टीखालचे चार आकडे दाबा."

पट्टी तर खरवडलेलीच नाही! आणि कार्ड इओआनेपुढं!

तर मी संध्याकाळी पुन्हा सुलिआच्या दारात. पुन्हा पाव. ती म्हणाली, "फोलोले, सकाळचेच संपले नाहीत." मी म्हटलं, "हे जरा जास्त भाजलेत, बघ बरं कुठले बरे?" ती आत ताटली आणायला वळली आणि मी फोटोपुढं गुडघे टेकून नखानं खरवडायला लागले. खर्र, खर्र. इओआने माझ्याकडे बघतोय. जिवंतपणी त्यानं मला कधी काही म्हटलं नाही, पण त्या फोटोत त्याची एक भुवई जरा वर आहे, तुम्हाला सांगते, आधी नव्हती!

"काय करतेयस गं?" मागून सुलिआ.

"डाग होता," मी म्हटलं. "प्रार्थना करता करता काढला."

"बरं," ती म्हणाली. नुसतं "बरं". तेव्हाच कळायला हवं होतं मला. चाळीस वर्षांत सुलिआ नुसतं "बरं" कधी म्हणाली नाही.

चार आकडे निघाले एक नऊ सात सात. एकोणीसशे सत्त्याहत्तर! मी सवाईहून इथं ऑकलंडला उतरले ते साल. देवसुद्धा काय चेष्टा करतो! घरी गेले, स्तोत्रं म्हटली, साल दाबलं, आणि ती गोड बाई त्याच गोड आवाजात म्हणाली, "तुमच्या कार्डात शिल्लक आहे... तीन डॉलर... पंच्याऐंशी सेंट. आम्ही आणखी काही मदत करू शकतो का?"

मी म्हटलं, "नाही बाई. तू पुष्कळ केलंस."

तीन डॉलर पंच्याऐंशी! मयताच्या घरी, चाळीस वर्षांच्या मैत्रिणीला, काठी आपटून, सगळ्या मांडवासमोर, मी तीन डॉलर पंच्याऐंशी सेंट दिले होते आणि लेपेकाचं तोंड बघून खूश झाले होते. तिचे डबे खरे होते हो! तिच्या डब्यांत मासळी होती! मी पलंगावर बसले आणि त्याच पांघरुणात तोंड घातलं, त्या दोनातल्या एका. ऊबदार आहे, काय सांगू. लाजेनं नुसती भाजून निघाले.

शुक्रवारी सकाळी कवळीचं पाकीट फोडलं. देवाला म्हटलं, तू बघू नकोस. इथं आले, पोरीपुढं दोनशे डॉलर ठेवले, "हे त्या लाल कार्डात घाल." म्हणाली, "आजी, ते एकदाच भरतं. टोपली नाही ती. नवीन घ्या." म्हटलं, "मग अगदी तसंच लाल दे, सोनेरी फितीचं." म्हणाली, "ते मदर्स डेचं होतं, संपलं. आता हेच आहे." आणि तिनं जे कार्ड दिलं ना... त्यावर केक. मेणबत्त्यांसकट! फुगे! काय करणार? शनिवार उद्यावर. घेतलं.

दुपारी सुलिआकडे. पाव नेले नाहीत, पीठच संपलं होतं. म्हटलं, "घशाला कोरड पडलीय गं, कोको मिळेल?" ती आत गेली. मी लाल कार्ड उचलून झग्याच्या गळ्यात खुपसलं आणि केकवालं फुलांपुढं उभं केलं. एक पाऊल मागं येऊन बघते तर काय... शंखांची माळ घातलेला इओआने, पुढं फुलं, पुढं केक, मेणबत्त्या, फुगे! जरा बाजूला सरकवलं, तर आणखी वाईट. फुलात लपवलं, तर फुगे वर. एवढ्यात दारातून आवाज आला.

"फोलोले, आज माझ्या नवऱ्याचा वाढदिवस आहे का?"

हातात कोको नव्हता. ती आत गेलीच नव्हती मुळी!

आता आमच्यात एक रीत आहे. कुणाच्या हातून फार मोठा गुन्हा झाला, रक्त सांडलं वगैरे, तर त्याच्या घरचा मोठा माणूस डोक्यावर चटई पांघरून त्या घराच्या दारात जाऊन बसतो. बोलायचं नाही. उन्हात, पावसात, बसूनच राहायचं. आतल्यांनी येऊन चटई उचलली तर माफी. नाही उचलली तर... ते सोडा. माझ्याकडे चटई कुठली? ती तर तिलाच दिलेली! मी सोफ्यावरचं विणलेलं कव्हर ओढलं, डोक्यावर घेतलं, आणि तिथंच फरशीवर बसले. गुडघे वाजले, दोन्ही. कव्हराच्या भोकांतून मला तिच्या चपला दिसत होत्या. चपला हलेनात. एक मिनिट गेलं, दोन गेली. माझ्या डोळ्यांतून पाणी आणि नाकातून दुसरं पाणी. मी मनात म्हटलं, उचलणार नाही ती. का उचलावं?

मग चपला जवळ आल्या, कव्हर वर गेलं, आणि सुलिआ म्हणाली, "ते धुवायला काढलंय. नातवानं परवा त्यावर ओकलं होतं."

मी म्हटलं, "सुलिआ, ते कार्ड..."

"तीन डॉलर पंच्याऐंशी," ती म्हणाली.

तुम्हाला सांगते, मशीननं सांगितलं तेव्हा लागलं नव्हतं एवढं लागलं! तिला ठाऊक होतं! मयतानंतर चौथ्या दिवशीच ती पाचही पोरांना घेऊन इथं आली होती. पांढरे सदरे, पांढरे झगे, बूट, सगळं गल्ल्यावर मांडलं. पोरीनं कार्ड घासलं, मान हलवली. आणि मागं रांगेत कोण उभी? लेपेका! डब्यांवर सवलत होती म्हणून आलेली! आणि सुलिआ काय म्हणाली माहितीय? मोठ्यानं, लेपेकाला ऐकू जाईल असं म्हणाली, "अगंबाई, मी फोलोलेचं कार्ड घरी विसरले आणि माझं जुनंच घेऊन आले! राहू दे हे कपडे." आणि पाच पोरांना रिकाम्या हातानं बसमध्ये बसवून घरी गेली. धाकटा रडत होता म्हणे, त्याच्या पायात ते बूट घातलेच होते, काढून घ्यावे लागले.

माझी अब्रू झाकायला तिनं त्या पोराचे बूट काढले हो!

आणि घरी येऊन कार्ड फोटोपुढं उभं केलं. येणारा जाणारा बघेल, म्हणेल फोलोलेचं देणं अजून तसंच जपून ठेवलंय.

"मग शनिवारी जाणार असं का म्हणालीस?" मी रडत रडत विचारलं.

"मग काय म्हणू? तू पाव घेऊन आलीस आणि कार्डाकडेच बघत राहिलीस, मला वाटलं तुला काही सांगायचंय, म्हटलं जरा घाई करू या." मग ती माझ्याशेजारी फरशीवर बसली. तिचेही गुडघे वाजले. म्हणाली, "गेले कुठं गं ते पैसे?"

मी म्हटलं, "पातेलं. आणि दोन पांघरुणं."

"ते मोठं पातेलं? ज्यात इओआनेच्या मयताचं जेवण केलंस?"

"तेच."

"मग मिळाले की मला," सुलिआ म्हणाली. "मी दोनदा वाढून घेतलं होतं."

असं कुणी बोललं की माणसानं काय करावं? शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. लेपेकाला सांगितलं असतं तर मी भांडले असते, भांडणात माझा हात कुणी धरत नाही. पण हे? मी केकवालं कार्ड तिच्या हातात दिलं. तिनं डोक्याला लावलं. आणि आमच्यात देणं मिळालं की काहीतरी परत द्यावंच लागतं, तर तिनं हात पुढं केला, माझ्या झग्याच्या गळ्यातून लाल कार्ड बाहेर डोकावत होतं ते ओढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. "हे तुझं," म्हणाली. "त्या पांघरुणांसारखं हेही नीट वापर."

संपलं असतं ना इथं, तर चाललं असतं. पण मग पांढरा रविवार आला. पाच पोरं पांढरीशुभ्र, धाकट्याच्या पायात बूट, पायऱ्यांवर मुद्दाम पाय आपटत चाललेला. आणि सुलिआ चर्चमध्ये उभी राहिली. पाळकसाहेबांसमोर, सगळ्यांसमोर म्हणाली, "ही सगळी फोलोलेच्या कार्डाची कृपा." खोटं काय होतं त्यात? काही नाही! सगळं चर्च वळून माझ्याकडे बघायला लागलं, टाळ्या, पाळकीणबाईंनी डोळे पुसले, लेपेकानं पंखा उलटा धरला. माझ्या आयुष्यात मला कुणी एवढं चांगलं म्हटलं नव्हतं, आणि माझ्या आयुष्यात मला बाकाखाली शिरावंसं एवढं कधी वाटलं नव्हतं. मान खाली घातली. लोक म्हणाले, बघा किती नम्र!

वर सुलिआ काय म्हणाली? "आणि फोलोलेला कार्डातलं सगळं कळतं. शिल्लक किती, कुठं विचारायचं, पट्टी कशी खरवडायची. विचारा तिला!" आणि माझ्याकडे बघून एक डोळा मिटला. अशी शिक्षा! तेव्हापासून दर रविवारी प्रार्थना संपली की बायका कार्डं घेऊन माझ्यापुढं उभ्या. "फोलोले, बघ गं यात किती." "फोलोले, जावयानं दिलंय, खरं आहे का बघ." फोनवर गाऊन गाऊन माझा घसा गेला, म्हणून आता सरळ इथं येते. आणि ह्या अकरांत सगळ्यात वरचं कुणाचं, ओळखा? लेपेकाचं! काल गुपचूप माझ्या हातात दिलं. म्हणाली, "मला भाचीच्या लग्नात द्यायचंय. आधी बघून घे. लाज नको." मी तिला म्हणणार होते काहीतरी, चांगलं तिखट तयार होतं तोंडात. पण निघालं नाही. कारण आत किती आहे हे जिला आधी विचारायचं सुचतं, ती माझ्यापेक्षा शहाणीच ना!

...आला माझा नंबर! सरका हो टोपीवाले. ही घे बाळ, अकरा. वरचं नीट बघ, ते लग्नात जायचंय... काय म्हणतेस? हे माझ्या काखेतल्या बायबलमधून डोकावतंय ते लाल? नाही, नाही, ते राहू दे. ते घासू नकोस. भरलेलं असो नाहीतर रिकामं, वजन तेवढंच असं मी सगळ्यांना सांगते खरं, पण ह्या एकाचं... काय सांगू तुला... हल्ली बायबल उचलायला मला दोन हात लागतात.